नियमांचें वार्तिक : एका ऐतिहासिक पटखेळाच्या दुरुस्तीचें परीक्षण

संगणकावरील एका पटखेळाचें परीक्षण या त्रैमासिकांत यावें, हें कांहीं वाचकांस अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु जो खेळ चंद्रगुप्त मौर्यास पटावर बसवितो आणि त्याच्या विशेष सामर्थ्यास ‘अर्थशास्त्र’ असें नांव देतो, त्यानें इतिहासाविषयीं विधान केलें आहे. आणि विधान म्हटलें कीं त्याची परीक्षा आलीच.

हा खेळ म्हणजे अमेरिकेंतील फिरॅक्सिस या मंडळींनीं ऑक्टोबर २०१६ मध्यें प्रसिद्ध केलेला ‘सिव्हिलायझेशन ६’ होय. बुद्धिबळाप्रमाणें यांतहि खेळाडू पाळीपाळीनें चाल करितात; मात्र पट षट्कोणी घरांचा असून नगरें वसविणें, विद्या संपादणें, संधि करणें व लढणें हीं सर्व कामें त्यावर चालतात. असा खेळ प्रसिद्ध झाला म्हणजे पुरा झाला असें नाहीं. कर्ते मागाहून नियमांत दुरुस्त्या करितात. लहान दुरुस्तीस खेळाडू ‘पॅच’, म्हणजे ठिगळ, म्हणतात. मोठी व निराळी विकत घ्यावयाची असली तर ‘एक्स्पान्शन’. फेब्रुवारी २०१८ मधील ‘राइज अँड फॉल’ ही दुसऱ्या प्रकारची. संस्कृतज्ञांस हा प्रकार नवा नाहीं. पाणिनीच्या सूत्रांत काय सांगितलें, काय राहिलें व काय नीट सांगितलें गेलें नाहीं, याचा विचार कात्यायनानें वार्तिकांत केला. त्याच अर्थानें ही दुरुस्ती म्हणजे मूळ नियमांचें वार्तिक होय.

मूळ नियमांत नगर एकदां वसविलें किंवा जिंकलें कीं तें बहुधा स्वामीच्या हातीं राही. म्हणून प्रतिपक्षाच्या वेशीशीं नगर घुसवून त्याची भूमि अडविणें हा हुकमी डाव होता. वार्तिकानें ‘निष्ठा’ हें नवें परिमाण आणिलें. प्रत्येक नगराच्या निष्ठेचे अंक जास्तींत जास्त १००. नऊ घरांच्या आंतील प्रत्येक नगर लोकसंख्येच्या मानानें आपल्याकडे ओढ लावतें, आणि दर घराच्या अंतरागणिक ती ओढ दशांशानें घटते. राज्यास सुवर्णयुग लाभलें असल्यास नागरिकाची ओढ दीडपट होते, अंधारयुगांत निम्मी. निष्ठा शून्यावर आली कीं नगर बंड करून स्वतंत्र होतें व पुढें शेजाऱ्यास मिळूं शकतें. यामुळें जुना डाव बहुतेक मोडला. दूर एकटें पडलेलें नगर आतां टिकत नाहीं. चढाई करणारानें एका टापूंतील नगरें लागोपाठ घ्यावीं, आणि तेथें अधिकारी नेमावा. कारण त्यायोगें दर पाळीस ८ अंकांची भर पडते. सारांश, जिंकण्याहून राखणें कठीण झालें.

कौटिल्याच्या वाचकास हा बदल ओळखीचा वाटेल. तेराव्या अधिकरणाचा विषय दुर्ग घेण्याचे उपाय हा असला, तरी त्याचा शेवट ‘लब्धप्रशमन’ प्रकरणानें होतो. नवा प्रदेश जिंकणारानें तेथील लोकांचा वेष, भाषा व आचार स्वीकारावा, त्यांच्या देवतांचा व उत्सवांचा मान राखावा, करांत सूट द्यावी, असें तेथें सांगितलें आहे. खेळाच्या कर्त्यांनीं हाच प्रश्न ओळखला, हें त्यांचें श्रेय निःसंशय आहे.

परंतु उत्तर मात्र त्यांचें निराळें आहे. सुखसोयी व धर्म यांस नियमांत स्थान आहे, तरी मुख्य भार लोकसंख्या व अंतर यांवरच पडतो. नगरें जणूं लोहचुंबकें होत. सातव्या अधिकरणांतील क्रम याहून वेगळा आहे : प्रजा क्षीण झाली कीं लोभी होते, लोभी झाली कीं विरक्त होते, आणि विरक्त झाली कीं शत्रूस मिळते किंवा स्वामीचाच घात करिते. म्हणजे तेथें फितुरीचें मूळ राजाच्या वर्तनांत आहे, शेजारच्या नगराच्या आकारांत नाहीं. हा भेद लहान नव्हे.

याच दुरुस्तीबरोबर चंद्रगुप्तहि पटावर आला. ‘अर्थशास्त्र’ या नांवाखालीं त्यास काय दिलें आहे? राज्यविस्ताराचें युद्ध पुकारल्यावर पहिल्या १० पाळ्या सैन्यास चालींत २ व बळांत ५ अंकांची वाढ! शेजारी त्यास अप्रिय, एवढें मण्डलसिद्धांताशीं जुळतें. परंतु संधि, विग्रह, आसन, यान, संश्रय व द्वैधीभाव या षाड्गुण्यांतून विग्रह व यान तेवढे उचलले, आणि पंधरा अधिकरणांचा ग्रंथ स्वारीची पुस्तिका ठरला. शिवाय ग्रंथ चंद्रगुप्ताच्याच काळचा कीं नाहीं हाहि वादग्रस्त प्रश्न आहे. त्यांत पाटलिपुत्राचें नांवसुद्धां येत नाहीं. गंमत अशी कीं, जेथें ग्रंथाचें नांव आहे तेथें त्याचें तत्त्व थोडें, आणि जेथें तत्त्वाची चाहूल आहे त्या निष्ठा-नियमावर त्याचें नांव नाहीं.

‘खेळ तो खेळ, त्याचें एवढें काय?’ असा आक्षेप येईल. त्यास उत्तर असें. तरुण विद्यार्थी मौर्यांचें नांव पुष्कळदां अशाच पटावर प्रथम ऐकतात. २०१६ च्या नियमांनीं खेळलेला विद्यार्थी दूरची भूमि राखणें सोपें असें शिकला. २०१८ च्या नियमांनीं खेळलेला नेमकें उलट शिकला. खेळाचें नांव एकच, इतिहासाविषयींचा सिद्धांत मात्र फिरला. तेव्हां असा खेळ वर्गांत वापरणाऱ्या शिक्षकानें कोणता पाठ वापरला हें सांगितलेंच पाहिजे. पोथीचा पाठ सांगितल्यावांचून आपण आधार मानीत नाहीं, तोच न्याय येथें लागू आहे.

आणखी एक भेद ध्यानांत घ्यावा. वार्तिकानें सूत्र पुसलें नाहीं. पतंजलीच्या महाभाष्यांत सूत्र, शंका व समाधान हीं तिन्ही शेजारीं नांदतात. मोठा विस्तार बंद ठेवून मूळ नियमांनीं खेळतां येतें हें खरें, परंतु लहान ठिगळें सामान्यतः आपोआप चढतात आणि पूर्वीचा पाठ झांकून टाकतात. प्रत्येक दुरुस्तीबरोबर कर्ते बदलांची यादी प्रसिद्ध करितात, तीच काय ती उरते. आपल्या काळानें गतकाळाची कल्पना कशी केली व ती कशी बदलत गेली, याचा शोध पुढील संशोधकास घ्यावयाचा असेल, तर या याद्या हा त्याचा वार्तिकपाठ होय. त्या आजच जतन केल्या पाहिजेत.