चरित्र कोणाचें ?

कै. डॉ. आनंदीबाई जोशी यांचें नांव निघालें कीं बहुतेक वाचकांस श्री. ज. जोशी यांची १९६८ सालची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी आठवते. ती सरस आहे, यांत वाद नाहीं. परंतु तिचें सारें तेज गोपाळरावांच्या भोंवतीं आहे. पत्नीस शिकविण्याच्या त्यांच्या ध्यासापुढें आनंदीबाई पुष्कळदां त्या ध्यासाचें फळ एवढ्याच उरतात. म्हणूनच काशीबाई कानिटकरांनीं एकोणिसाव्या शतकांतच लिहिलेलें आनंदीबाईंचें चरित्र पुन्हां वाचावें, असें आम्हांस वाटतें.

काशीबाई स्वतः घरांतील विरोध सोसून वाचावयास शिकलेल्या. गोपाळरावांचें श्रेय त्या त्यांस देतात. पण त्यांचा संताप व जांच झांकून ठेवीत नाहींत. मुख्य म्हणजे, आनंदीबाईंस त्या पत्रांतून स्वतः बोलूं देतात. १८८३ सालीं बंगालमध्यें श्रीरामपुरास सभेपुढें अमेरिकेस जाण्याचीं आपलीं कारणें मांडणारी, आणि मग पतीवांचून समुद्र ओलांडणारी ती अठरा वर्षांची मुलगी कोणाच्या हातची बाहुली नव्हती. १८८६ सालीं फिलाडेल्फियास मिळालेली वैद्यकीची पदवी तिनें स्वतःच्या श्रमानें मिळविली होती.

एखाद्या स्त्रीनें कांहीं करून दाखविलें कीं 'हिला पुढें कोणीं आणलें ?' असें आपण आजही आधीं विचारतों. हा प्रश्न गैर नव्हे. परंतु 'हिला स्वतःला काय हवें होतें ?' हें न विचारतां लिहिलेलें चरित्र अपुरेंच राहणार. काशीबाईंनीं तें विचारलें. त्यांच्या ग्रंथाचें मोल आम्ही यांतच मानतों.