टाकाऊतून टिकाऊ, की टाकाऊसाठी खरेदी?

अरविंद गुप्ता यांचे एकलव्यने काढलेले ‘कबाड से जुगाड’ आम्ही अनेकदा हाताळले आहे. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून केलेला चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण मात्र हलत नाही. छपराच्या कैचीत त्रिकोण का, हे मुलाला तिथेच कळते. विज्ञानाचे पुस्तक म्हणून आमची त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती शाळांनी त्याचे जे केले त्याबद्दल. ‘टाकाऊतून टिकाऊ’च्या तासासाठी नव्या स्ट्रॉ, नवी रबरी नळी विकत आणायची (काडेपेटी तर भरलेलीच!) आणि त्याला पर्यावरण शिक्षण म्हणायचे. यात कचरा कोठे कमी झाला?

गुप्तांच्या स्ट्रॉच्या पिपाणीचेच पाहा. चेपलेल्या टोकाचे दोन ओठ थरथरतात; नळी कापत गेले की स्वर चढतो. पण प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. भोरजवळच्या उत्रोलीसारख्या गावात पपईचा पोकळ देठ परसातच मिळेल. खरकटे गुरांना, शेण उकिरड्यात, खत शेतात, हा फेराही खेड्यांत जुनाच. नवा प्रश्न आहे तो वेफर्सच्या चकचकीत पाकिटांचा. प्लॅस्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना असे चिकटलेले असतात की भंगारवालाही ती सहसा घेत नाही. त्यांचे खेळणे केले, तरी आठ दिवसांनी ते उकिरड्यावरच जाणार, आणि तेथून खताबरोबर शेतात.