आदान कोणाचे? : प्रारंभिक इलेक्ट्रॉनिकीच्या अध्यापनभाषेविषयी

मुळशीच्या पाण्याचा आणि विजेचा संबंध सर्वश्रुत आहे. ज्या धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह झाला आणि ज्या लढ्याने पां. म. बापटांना ‘सेनापती’ ही उपाधी दिली, त्या धरणाचे पाणी घाटाखाली भिरा येथे वीज निर्माण करते. त्याच तालुक्यातील एका शाळेत आठवीच्या मुलांना अर्डुइनोची ओळख करून देणारा वर्ग पाहण्याचा योग अलीकडे आला. प्रस्तुत लेखकाचे लक्ष भाषेकडे होते. परंतु तेथे भाषेचा प्रश्न हा शिकण्याचाच प्रश्न होऊन बसला होता.

खटका दाबला की दिवा लागावा, एवढेच काम होते. मुलांना दिलेल्या टिपणात खटक्याच्या पिनेस ‘आदान’ आणि दिव्याच्या पिनेस ‘प्रदान’ म्हटले होते. एका मुलीने दोन्ही उलट लिहिले. तिचा युक्तिवाद ऐकण्याजोगा होता : खटका मी दाबते, म्हणजे मी देते, उजेड मला मिळतो, म्हणजे मी घेते. शिक्षकांनी चूक सुधारली, कारण सांगितले नाही. वस्तुतः मुलीचे मराठी निर्दोष होते. देणे-घेणे, येणे-जाणे या क्रियापदांचा अर्थ बोलणारा कोणाच्या जागी उभा आहे यावर ठरतो. तिने केंद्र स्वतःकडे ठेवले. तंत्रज्ञ ते मायक्रोकंट्रोलरकडे ठेवतो. ‘इनपुट’ म्हटल्याने हा घोटाळा मिटत नाही. तो केवळ पाठांतराखाली झाकला जातो. ‘बोर्ड खटक्याचे ऐकतो, दिव्याला सांगतो’ एवढे एक वाक्य पुरले असते.

यावरून पारिभाषिक शब्दांची थट्टा करण्याचे कारण नाही. बोलीतला ‘करंट’ हा शब्द धारा, दाब आणि झटका या तिन्ही गोष्टी पोटात घेतो. ‘विभवांतर’ उच्चारायला जड खरा, पण त्यातील ‘अंतर’ विद्यार्थ्याला विचारायला लावते : कोणत्या दोन बिंदूंमध्ये? ५ व्होल्टपैकी तांबड्या एलईडीवर सुमारे २ पडतात, उरलेले ३ व्होल्ट २२० ओहमच्या रोधकावर, आणि म्हणून धारा सुमारे १४ मिलिअँपिअर. हा हिशेब ‘करंट’वर उभा राहत नाही. उलट हातकामाच्या बाबतीत कोशाने कारागिराकडे जावे. ‘झाळणे’ हे क्रियापद मराठीत जुनेच आहे, आणि तापलेल्या इस्तरीच्या टोकाला कथलाचा थर देणे ही कल्हईच होय.

हाताने करू द्या, भाषा आपोआप येईल, असे म्हणणारे पाबळचा दाखला देतात. डॉ. श्री. शे. कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम स्थापन केला, आणि २००२ मध्ये एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅबही तेथे आली. करता करता शिकणे हे तेथील तत्त्व आमच्या मते योग्यच आहे. परंतु त्याचा येथे लावला जाणारा अर्थ अपुरा आहे. वेल्डिंगचा सांधा कच्चा राहिला तर तो हाताखाली तुटतो. दोष वस्तूच सांगते. मायक्रोकंट्रोलरमध्ये मात्र पिन ऐकणारी की सांगणारी, हे आधी लिहूनच ठरवावे लागते. तारा बरोबर, झाळणे बरोबर, आणि दिवा मात्र लागत नाही. दोष एका शब्दात असतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. येथे शब्द हेही पक्कड-इस्तरीसारखे हत्यारच आहे.

टिपणातील ती एक ओळ बदलावी. त्यातील बाकीची जोडणी निर्दोष आहे.