‘हो’ म्हणणारे ७० टक्के कोण?

टीव्हीवरची चर्चा संपताना पडद्यावर दोन आकडे येतात, तुम्हीही पाहिले असतील. हो ७० टक्के, नाही ३० टक्के. माझा पीएचडीचा विषय नमुना निवड. म्हणजे थोड्या माणसांना विचारून सगळ्यांबद्दल काय सांगता येतं आणि काय नाही. त्यामुळे घरातले वादात रंगलेले असतात आणि मी मात्र एकूण किती जणांनी मत दिलं, ते कुठे दिसतंय का हे शोधत बसते. बहुतेक वेळा दिसत नाही.

मराठीत हा प्रकार घरोघरी नेण्यात आयबीएन लोकमतचा वाटा मोठा. २००८ मध्ये वाहिनी सुरू झाली, तेव्हा मी शाळेत होते. निखिल वागळेंचा ‘आजचा सवाल’ लागला की आमच्याकडे जेवणं लांबायची. नेत्याने उत्तर टाळलं की वागळे तोच प्रश्न पुन्हा विचारायचे, ते मला अजूनही आवडतं. माझी तक्रार आहे ती प्रेक्षकांच्या कौलाबद्दल.

हा कौल कोण देतं? ज्याला राग आलाय, ज्याच्याकडे वेळ आहे आणि मेसेजचे पैसे आहेत तो. आता तुम्ही म्हणाल, मेसेज लाखभर आले तर? तरीही उपयोग नाही. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाकडे सुमारे २४ लाख लोकांची मतं आली होती. त्यावरून त्यांनी लँडन जिंकणार असं सांगितलं. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. मुळात पत्रिका गेल्या त्या मुख्यतः फोन आणि मोटारी असलेल्यांच्या याद्यांवरून, आणि त्यातूनही ज्यांना वाटलं त्यांनीच त्या परत पाठवल्या. नमुना एकीकडे झुकलेला असेल, तर तो मोठा करून चूक कमी होत नाही. उलट तिच्यावरचा आपला विश्वास तेवढा वाढतो.

पण खरं सांगू का, हा गणिताचा दोष मला आता दुय्यम वाटतो. १९८५ मध्ये दूरदर्शनवर ‘जनवाणी’ नावाचा कार्यक्रम होता, सूत्रसंचालक विनोद दुआ. त्यात सामान्य माणसं थेट मंत्र्यांना प्रश्न विचारायची. सरकारी वाहिनीवर, बरं का! तिथे प्रश्न नागरिकाचा होता. कौलात नागरिकाकडे उरतं फक्त उत्तर, तेही वाहिनीने ठरवलेल्या दोनपैकी एक. याला आपण सहभाग म्हणतो.

आमच्या विषयात यावर एक प्रयोग झालाय. जेम्स फिश्किन या अभ्यासकाने १९९४ मध्ये इंग्लंडात मँचेस्टरला सुमारे ३०० माणसं एकत्र आणली. ती स्वतःहून आलेली नव्हती, यदृच्छ पद्धतीने निवडलेली होती. विषय गुन्हेगारी. त्यांना दोन्ही बाजूंची माहिती दिली, छोट्या गटांत बोलू दिलं, तज्ज्ञांना आणि नेत्यांना प्रश्न विचारू दिले. मतं आधी घेतली आणि नंतरही. अनेकांची बदलली होती. चॅनल ४ ने हे सगळं टीव्हीवर दाखवलं. खर्चिक काम आहे, रोज रात्री जमणार नाही, कबूल. पण निवडणुकीच्या आधी एका शहरात, एका विषयावर?

आपल्या शहरात विषय शोधावा लागत नाही. जायकवाडी पन्नासेक किलोमीटरवर आणि नळाला पाणी कित्येक दिवसांनी. १,६८० कोटींची योजना २,७४० कोटींवर गेली. मागे एका वाहिनीचा खुला कार्यक्रम इथल्या मैदानावर झाला, तेव्हा मी मागच्या रांगेत बसले होते. पुढच्या खुर्च्यांवर पक्षांचे कार्यकर्ते, घोषणांसह. बऱ्याच वेळाने माइक एका काकूंकडे आला. “आमच्याकडे आठव्या दिवशी पाणी येतं,” एवढं त्या बोलल्या आणि टाळ्या पडल्या. सूत्रसंचालक म्हणाला, “बघा, जनतेचा आक्रोश!” आणि माइक घेऊन पुढाऱ्यांकडे वळला. पुढची वीस मिनिटं हे कुणाच्या काळात झालं यावर भांडण.

काकू खाली बसल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, “अगं, मला ते विचारायचंच नव्हतं. पलीकडच्या गल्लीत चौथ्या दिवशी येतं. मग ते वेळापत्रक ठरवतं कोण, हे विचारायचं होतं.”