ऐंशी सैनिकांवरून काय सांगता येते?

हिंगोली जिल्ह्यातील साखरा येथे सुट्टीत गेलो असता एका शिक्षकमित्रांनी विचारले, "अमेरिकेच्या काही सैनिकांच्या अंगात युरेनियमचे कण राहिले. त्यांना वर्षानुवर्षे तपासले, तरी मोठा आजार निघाला नाही म्हणे. मग ते निर्धोकच की!" हा निष्कर्ष कितपत टिकतो ते पाहू.

१९९१ च्या आखाती युद्धात काही अमेरिकी रणगाड्यांवर चुकून स्वपक्षाचेच गोळे आदळले. ते 'डिप्लिटेड' युरेनियमचे, म्हणजे युरेनियम-२३५ हे समस्थानिक बरेचसे काढून घेतल्यावर उरलेल्या धातूचे होते. शिशापेक्षा दीडपटीहून अधिक घनतेचा हा धातू चिलखत भेदतो. त्याचा किरणोत्सार नैसर्गिक युरेनियमपेक्षा कमी असतो, पण रासायनिक विषारीपणा तेवढाच. या विषाचा पहिला मार मूत्रपिंडांवर बसतो.

अशा सुमारे ८० जणांची दर दोन वर्षांनी तपासणी करण्याचा कार्यक्रम बाल्टिमोर येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात १९९० नंतरच्या दशकात सुरू झाला. डॉ. मेलिसा मॅकडिअर्मिड यांनी तो दीर्घकाळ चालवला. पाण्याअन्नातून थोडे युरेनियम आपल्या सर्वांच्याच पोटात जाते. ते कोणते आणि गोळ्यातले कोणते, हे लघवीतील समस्थानिकांच्या प्रमाणावरून ओळखता येते. अंगात कण राहिलेल्यांच्या लघवीत वीस वर्षांनंतरही युरेनियम जास्त आढळले. मूत्रपिंडांना गंभीर इजा दिसली नाही. हाडांबाबत मात्र काही सूक्ष्म फरक दिसले. एवढी चिकाटी विरळाच, आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे.

आता उणिवा. पहिली संख्येची. समजा, या धातूमुळे शंभरात एकाला एखादा आजार होतो. तरीही ८० जणांत तो एकालाही न होण्याची शक्यता ०.९९ चा ८० वा घात, म्हणजे सुमारे ४५ टक्के! शिवाय अनेक फेऱ्यांना निम्म्याच्या आसपासच लोक हजर राहिले. ४० जण धरले तर ही शक्यता ६७ टक्क्यांवर जाते. म्हणजे आजार खरोखर असूनही तो नजरेतून निसटणे सहज शक्य आहे.

दुसरी उणीव तुलनेची. लघवीत युरेनियम जास्त असणारे आणि कमी असणारे, असे याच सैनिकांचे दोन गट करून तुलना केली गेली. पण कमी असणारेही त्याच धुरळ्यात सापडलेले होते. गोळ्यांशी संबंधच न आलेल्या सैनिकांशी तुलना हवी होती. तिसरी उणीव अशी, की युद्धापूर्वीच्या मोजमापांअभावी प्रत्येकाची मूळ प्रकृती कशी होती ते ठाऊक नाही.

तेव्हा 'फार मोठा, सर्रास होणारा अपाय दिसला नाही' एवढे हा अभ्यास नक्की सांगतो. 'अपाय नाही' असे तो सांगत नाही. या दोन वाक्यांतले अंतर दडपले, तर भरपाई आणि औषधोपचार मागणाऱ्या सैनिकाला कागद दाखवून परत पाठवणे सोपे होते.

हे वर्गात शिकवायला आपल्या शाळेतील उंची-वजनाची नोंदवही पुरेशी आहे. मुलांना सरासरी जरूर काढू द्या. मग त्यांना विचारा, मोजणीच्या दिवशी कोण गैरहजर होते? आणि आजारी असल्यामुळेच तर ती मुले आली नव्हती ना?