'सॉरी' या शब्दात कबुली किती?

आज आपण जो शब्द घेणार आहोत तो आपल्याकडे इतका घरगुती झालाय की तो इंग्रजी आहे हेही चटकन लक्षात येत नाही. गर्दीत कुणाला कोपर लागलं, 'सॉरी'. समोरच्याचं नीट ऐकू आलं नाही, 'सॉरी?' आणि मूळ इंग्रजी बोलणारा तर कुणाचे वडील गेले तरी हाच शब्द वापरतो. आता या तिसऱ्या ठिकाणी त्याचा अपराध कोणता? काहीच नाही. म्हणजे एकाच शब्दात दुसऱ्याच्या दुःखात वाटेकरी होणं आहे आणि स्वतःची चूक मान्य करणंही आहे. आमच्या मते सगळा घोटाळा इथेच आहे.

आधी मूळ पाहू. जुन्या इंग्रजीत 'सारिग' असं विशेषण होतं. ते 'सार' या शब्दापासून आलं. सार म्हणजे वेदना. आज घसा दुखतो तेव्हा आपण 'सोअर थ्रोट' म्हणतो, त्यातला 'सोअर' तो हाच. शोक या अर्थाचा 'सॉरो' हा शब्द सॉरीचा बाप असावा असं पुष्कळांना वाटतं, पण तसं नाही. सॉरोचं कूळ वेगळं आहे. काळजी या अर्थाचा जर्मन 'झोर्ग' त्याचा भाऊबंद. दोघे शेजारी राहिले, अर्थाने जवळ आले, आणि त्या शेजाराने सॉरीचा उच्चारही सॉरोकडे झुकला. तेव्हा मूळ अर्थ एवढाच: मला दुखतंय, मी व्यथित आहे. यात 'मी चुकलो' कुठेही नाही.

व्युत्पत्तीने आजचा अर्थ ठरत नाही हे खरं. पण इथे जुना अर्थ मेलेला नाही, तो नव्या अर्थाच्या आड उभा आहे. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी 1955 साली हार्वर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानांत ही गोष्ट नेमकी पकडली. 'मी माफी मागतो' हे वाक्य कशाचं वर्णन करत नाही. ते उच्चारणं हीच माफी मागण्याची कृती. 'मला पश्चात्ताप होतोय' हे मनःस्थितीचं वर्णन. आणि 'आय अॅम सॉरी'? ते ऑस्टिन यांच्या मते अधलंमधलं, अर्धं कृती, अर्धं वर्णन. बोलणाऱ्याला हवं तेव्हा तो कृतीवरून वर्णनावर सरकू शकतो.

असं सरकणं राष्ट्रांनीही केलंय. 1 एप्रिल 2001 रोजी चीनच्या हायनान बेटाजवळ अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान यांची टक्कर झाली. चिनी वैमानिक मरण पावला. अमेरिकी विमानातले 24 जण चीनच्या ताब्यात अडकले. चीनला माफी हवी होती, अमेरिकेला ती द्यायची नव्हती. 11 एप्रिलच्या पत्रात अमेरिकेने 'व्हेरी सॉरी' हे शब्द दोनदा वापरले: एकदा वैमानिकाच्या मृत्यूबद्दल, एकदा परवानगीशिवाय विमान उतरवल्याबद्दल. टकरीची जबाबदारी मात्र घेतली नाही. चीनने घरी सांगितलं, माफी मिळाली. अमेरिकेने घरी सांगितलं, आम्ही माफी मागितलेली नाही. माणसं सुटली.

आता उलट उदाहरण घ्या. ऑस्ट्रेलियात विसाव्या शतकाची कित्येक दशकं आदिवासी मुलांना आईबापांपासून सरकारी धोरणाने तोडलं गेलं. त्याचा चौकशी अहवाल 1997 मध्ये संसदेसमोर आला. पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी 1999 मध्ये संसदेत खेदाचा ठराव आणला, पण 'सॉरी' शब्द उच्चारायला नकार दिला. आजच्या पिढीने मागच्यांच्या कृत्यांची जबाबदारी का घ्यावी, हा त्यांचा मुद्दा. अखेर 13 फेब्रुवारी 2008 रोजी केव्हिन रड यांनी तो शब्द संसदेत उच्चारला, आणि लोक ऐकताना रडले.

गंमत बघा. हायनानच्या पत्रात जो शब्द माफीपेक्षा हलका म्हणून निवडला, तोच ऑस्ट्रेलियात इतका जड झाला की एक पंतप्रधान तो उचलायला तयार होईना. याचं एक कारण तिथल्याच बोलीत आहे. ऑस्ट्रेलियातले आदिवासी मृत्यूनंतरच्या शोकविधींना 'सॉरी बिझनेस' म्हणतात. म्हणजे वेदनेचा तो जुना अर्थ त्यांच्याकडे जिवंत होता. पण दुसरं कारण आम्हाला अधिक महत्त्वाचं वाटतं. रड नुसते सॉरी म्हणाले नाहीत. कशाबद्दल, तेही म्हणाले. एकामागून एक आलेल्या सरकारांनी आणि संसदांनी केलेल्या कायद्यांबद्दल आणि धोरणांबद्दल. कर्ता सांगितला, कृत्य सांगितलं.

तेव्हा आमचं म्हणणं असं की या शब्दाला स्वतःचं वजन नाही. ते येतं त्याच्या पुढच्या 'कशाबद्दल'मधून. 'तुमचं मन दुखावलं असेल तर सॉरी' या वाक्यात कृत्य गायब आहे, आणि दोष हळूच समोरच्याच्या हळव्या मनावर ढकललाय. 10 एप्रिल 2019 रोजी, जालियनवाला बागेच्या शताब्दीच्या तोंडावर, ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे यांनी संसदेत तीव्र खेद व्यक्त केला. जेरेमी कॉर्बिन यांनी तिथेच निःसंदिग्ध माफीची मागणी केली. ती माफी काही आली नाही. खेद झाल्याचा होता, केल्याचा नव्हता.

आणि आपण मराठी माणसांनी फार हसू नये. आपल्याकडे 'दिलगिरी' आहेच की! फारसीत दिल म्हणजे मन. दिलगीर म्हणजे उदास, खिन्न. इथेही वेदना आहे, कबुली नाही. म्हणून तर पुढारी 'दिलगिरी व्यक्त' करतात आणि विरोधक 'माफी मागा' म्हणून अडून बसतात. दोन्ही बाजूंना भाषा बरोबर कळते.

आता कुणी म्हणेल, एवढा कीस कशाला? कोपर लागल्यावर का कुणी कृत्याचा तपशील देत बसणार? नको, तिथे सॉरी पुरे. शिष्टाचाराला मोघम शब्द लागतातच. प्रश्न येतो तो खरी इजा झाल्यावर. तिथे आपल्या भाषेत एक साधं वाक्य आहे: 'चुकलं माझं.' यात मनाची अवस्था नाही, उदासी नाही. चूक आहे, आणि ती कुणाची तेही आहे. पण त्यावरही थांबू नये. काय चुकलं, हे पुढे सांगावं. सांगताना जीभ अडखळते. ती अडखळली की समजावं, आता माफी सुरू झाली.