‘व्हेक्सस’ गुणांकन : एक चिकित्सा

हृदयशस्त्रक्रियेनंतर रुग्णाची लघवी कमी झाली की मूत्रपिंडाला रक्त अपुरे पडत असावे असे गृहीत धरून सलाइन देण्याचा प्रघात जुना आहे. वस्तुतः मूत्रपिंडातील रक्तप्रवाह धमनी व शीर यांतील दाबांच्या फरकावर अवलंबून असतो. शिरांत रक्त तुंबून दाब वाढला असता हा प्रवाह मंदावतो आणि वर दिलेले सलाइन अपायकारक ठरते. विल्यम बोबियाँ-सुलिनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडलेल्या ‘व्हेक्सस’ या सोनोग्राफीवर आधारित गुणांकनाचे महत्त्व या संदर्भात आहे.

अधोमहाशिरेचा व्यास २ सें.मी. वा अधिक असल्यास यकृतशीर, पोर्टल शीर व मूत्रपिंडातील शिरा यांचे डॉप्लर आलेख पाहावयाचे, अशी ही रीत. पोर्टल शिरेतील प्रवाह एरवी जवळजवळ संथ व अखंड असतो. प्रत्येक ठोक्यागणिक त्याचा वेग निम्म्याने किंवा त्याहून अधिक घटू लागला तर ती तीव्र विकृती होय. अशी विकृती किमान दोन ठिकाणी आढळल्यास तिसरी, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणी. केंद्रीय शिरादाबाचा आकडा केवळ दाब सांगतो. त्या दाबाने अवयवांचे काय झाले हे या आलेखांत दिसते. ही सूझ निःसंशय मोलाची आहे.

पुराव्याचा पाया मात्र अरुंद आहे. एकाच केंद्रातील १४५ रुग्णांच्या, आधीच्या अभ्यासात जमविलेल्या माहितीचे हे पुनर्विश्लेषण. गुणांकनाचे पाच आराखडे तपासून सरस ठरलेला पुढे केला गेला, आणि त्याची सरसताही त्याच रुग्णांवर ठरली. ज्याच्या अंगाचे माप घेतले त्यालाच अंगरखा बसला, यात नवल कसले? तिसऱ्या श्रेणीत मूत्रपिंडास इजा होण्याचा धोका ३.६९ पट सांगितला आहे. पण त्या अंदाजाची विश्वास-मर्यादा १.६५ ते ८.२४ इतकी सैल आहे.

शिवाय त्रिदली झडपेतून रक्त मागे गळत असेल तर यकृतशिरेचा आलेख बिघडतो, यकृतकाठिण्यात पोर्टल शिरेचा आलेख फसवा होतो, तर कृश पण निरोगी व्यक्तीतही तो स्पंदित दिसू शकतो. हे अपवाद अनुभवी चिकित्सकास ठाऊक असतात. श्रेणीचा एकच आकडा हाती पडलेल्या नवख्यास ते कळतीलच असे नाही. आणि श्रेणी पाहून मूत्रल औषध दिल्याने मूत्रपिंड वाचते काय, हा रुग्णाच्या दृष्टीने मुख्य प्रश्न. त्याचे उत्तर निरीक्षणात्मक स्वरूपाच्या या अभ्यासातून मिळण्याजोगे नव्हते.